जीप उभी होती

मामा, तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा मी तिसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी शिकवत होते. खिचडी शिजवणाऱ्या ताई वर्गाच्या दारात आल्या नि म्हणाल्या, "बाई, गणपतमामा गेलं." माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "कुठं?" म्हणजे कुठल्या वळणावर, असं मला विचारायचं होतं. तुमच्या हातातलं स्टिअरिंग सुटून दोन वर्षं झाली होती, तरी माझ्या डोक्यात आधी घाटच आला. ताई म्हणाल्या, "घरातच. जेवलं, जरा पडतो बोललं, नि उठलंच नाय."

मला हायसं वाटलं. खरं तेच सांगते, रडू नंतर आलं. चाळीस वर्षं पोलादपूरच्या घाटात जीप चालवलेला माणूस भरल्या पोटी, स्वतःच्या घोंगडीवर, झोपेत गेला. मी मुलांना म्हटलं, पाच मिनिटं शांत बसा. ती कधी नव्हे ती बसली. तुमच्या जीपमधून न आलेलं पोर त्या वर्गात एकही नव्हतं.

तुमच्यावर लिहायला बसले आहे, पण जन्म कधीचा, शाळा किती शिकलात, असलं काही मी लिहिणार नाही. ते मला धड ठाऊकही नाही. मला ठाऊक आहे ती तुमच्या शेजारची सीट. सहा वर्षं त्या सीटवर बसून मी पोलादपूर स्टँडपासून वरच्या वाडीतल्या शाळेपर्यंत तुमच्याशी भांडत आले. भांडण एकच, रोजचं, आणि ते अर्धवटच राहिलं. तुम्ही इतकी हळू का चालवता?

माझं माहेर दासगावचं, हायवेच्या कडेचं. लहानपणापासून गाड्या सुसाट जाताना पाहिलेल्या. गाडी म्हणजे पळायचीच वस्तू, एवढंच मला माहीत. त्यात मी पडले घड्याळाच्या ठोक्याची. साडेदहाची प्रार्थना म्हणजे साडेदहाच. बदली होऊन आले त्या पहिल्याच दिवशी जीपच्या डॅशबोर्डकडे माझं लक्ष गेलं. बाकी गाडी खिळखिळी, दाराला दोरी बांधलेली, पण वेग दाखवणारा काटा मात्र ठणठणीत, आणि त्याच्या काचेवर, तीसच्या आकड्यावर, लाल ठिपका.

"हे काय, मामा?"

"कुंकू. मामीनं लावलंय."

दसऱ्याला सगळेच गाडीची पूजा करतात. बॉनेटला हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, झेंडूची माळ. मामी त्यावर आणखी एक बोट काचेला लावायच्या, बरोबर तीसवर. वर्षभरात पुसट झालं की पुन्हा लावायच्या. घाटाच्या पायथ्याला सरकारी बोर्डही तीसचाच होता, पण तो रानवेलींनी कधीच गिळला होता. मामींचं तीस मात्र दर दसऱ्याला नवं व्हायचं.

"आणि काटा पुढे गेला तर?" मी विचारलं.

तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "कुंकवाच्या फुडं काटा गेला तर कुंकू कोनाचं जाईल, बाई?"

मला तेव्हा हसू आलं होतं. मनात म्हटलं, बायकोच्या धाकातला माणूस दिसतोय.

मग सुरू झालं आपलं. मी म्हणायची, "मामा, तुमच्या जीपला बैलगाडी मागं टाकेल." तुम्ही म्हणायचात, "टाकू दे. बैलाला घाई असंल." मी म्हणायची, "मुख्याध्यापक बोलतील मला." तुम्ही म्हणायचात, "पोचलाव तर बोलतील ना!" मागच्या सीटवरच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यांना आपलं भांडण म्हणजे फुकटची करमणूक. एखाद्या दिवशी मी गप्प बसले तर त्याच विचारायच्या, "बाई, आज बरं नाय का?"

त्याहून मोठं भांडण पांगाऱ्याच्या वळणाचं. आपल्या वाडीला रेंज नाही, खाली दरीत रेंज नाही. घाटाच्या मध्यावर पांगाऱ्याचं झाड आहे, तिथं समोरच्या डोंगरावरचा टॉवर उघडा दिसतो, नि तेवढ्या दीडशे पावलांत रेंज येते. जीप वळणावर आली की सगळे फोन एकदम ओरडायला लागायचे. कुणाचा नवरा मुंबईला, कुणाचा मुलगा, कुणाची लेक बाळंतपणाला गेलेली. सगळ्यांच्या माना खाली. आणि वळण कसलं, तर एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, नि कठडा पावसाने नेलेला. दुसरा कुठलाही ड्रायव्हर तिथं एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्याने फोन कानाला लावायचा, कारण पुढे शंभर पावलांवर रेंज जाणार. बोलायचं ते तेवढ्यातच.

तुम्ही मात्र पांगाऱ्याखाली जीप बाजूला घ्यायचात, इंजिन बंद करायचात, खाली उतरून चाकाला दगड लावायचात आणि ओरडायचात, "पाच मिनिटं! बोलून घ्या!" मग सगळ्यांकडे पाठ करून दरीकडे बघत उभे राहायचात, म्हणजे बायांना मोकळेपणी बोलता यावं. कुणी रडायचं, कुणी भांडायचं. पाच मिनिटं झाली की फोन पिशवीत. निघताना चाकाचा दगड तुम्ही आठवणीने उचलून कडेला टाकायचात. इतर लोक तो रस्त्यातच ठेवून जातात आणि मागून येणारा त्यावर आपटतो, याचा तुम्हाला फार राग. माझी मात्र ती पाच मिनिटं जीव खायची. रोज पाच. मी एकदा वर्षाच्या तासांचा हिशेब करून तुम्हाला ऐकवला होता. तुम्ही नीट ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "एवढं तास मी दरीकडं बघितलं? बरं झालं, लय छान हाय दरी."

शेवटी मी स्कूटर घेतली. तुम्हाला कंटाळून घेतली, असं मी तोंडावर सांगितलं होतं आणि तुम्ही पेढा खाता खाता मान हलवली होती. विचारलंत एकच. "फोन कुठं ठेवनार?"

"पर्समध्ये. सीटखाली."

महिनाभर ते खरं होतं. नंतर फोन पर्समधून पुढच्या खणात आला, खणातून हातात आला. त्याच वर्षी मी शाळेत रस्ता सुरक्षा सप्ताह घेतला. मुलांकडून फलक रंगवून घेतले, वाडीतून फेरी काढली. 'हातात फोन, गाडी चालवतो कोण?' ही घोषणा माझीच. तुम्ही जीपला टेकून उभे होतात. फेरी पुढून गेली तेव्हा तुम्ही मुलांना सलाम ठोकलात, नि मला वाटलं माझी थट्टा करताय.

मी पडले त्या दिवसाबद्दल तुमच्याशी एकदाच बोलले. आता पुन्हा बोलते, कारण आता मला परवानगी आहे.

मला उशीर झाला होता. सव्वादहा वाजून गेलेले. तुम्ही वर माणसं सोडून रिकामी जीप घेऊन खाली येत होतात. मी पांगाऱ्याच्या वळणाशी आले आणि फोन ओरडला. मी बघितलं. दोन सेकंद असतील, तीन असतील. मान वर केली तेव्हा माझी स्कूटर रस्ता सोडून दरीच्या बाजूला गेली होती आणि समोर तुमच्या जीपचं बॉनेट होतं. मी हँडल जिवाच्या आकांताने उलट ओढलं नि डोंगराच्या अंगाला चरीत जाऊन पडले. गळ्याचं हाड मोडलं, मनगट मोडलं.

जीप उभी होती, मामा. इंजिन बंद होतं. चाकाला दगड लावलेला होता. गाडीत एक माणूस नव्हतं, कुणाला फोन करायचा नव्हता, तरी तुम्ही रोजच्या सवयीने तिथं थांबला होतात. तुम्ही थांबला नसतात तर माझ्या स्कूटरसमोर बॉनेट नसतं, काहीच नसतं. कठडाही नव्हता. 

तुम्ही मला उचललंत, खांद्यावरच्या पंच्याने हात गळ्यात बांधलात, पुढच्या सीटवर बसवलंत. पोलादपूरहून महाडपर्यंत नवा रुंद हायवे, मागून ट्रक हॉर्न मारून मारून बेजार, आणि तुमचा काटा कुंकवापाशी. मी वेदनेने ओरडत होते, "मामा, पळवा हो! मरेन मी!"

"पळवली का हाडं हलतात. हाड मोडलंय, मानूस शाबूत हाय. गप बसा."

तेवढ्या दुखण्यातही मला तुमचा राग आला होता. डॉक्टर नंतर म्हणाले, हाड हललं नाही म्हणून ऑपरेशन वाचलं.

दवाखान्यात माझा नवरा आला, मागोमाग तुमचा मुलगा दिनेश आला. मुंबईची नोकरी सोडून तो नुकताच घरी आला होता. नवऱ्याने मला बघितलं आणि पहिलं वाक्य उच्चारलं, "फोन होता ना हातात?" तो वर्षभर मला तेच सांगत होता. तुम्ही दारात उभे होतात, एका हातात माझी पर्स, दुसऱ्या हातात माझा डबा. मी तुमच्याकडे बघितलं नि म्हणाले, "नाही. जीप अंगावर आली."

कशी म्हणाले, मला माहीत नाही. फलक रंगवून घेणारी बाई, घोषणा देणारी बाई. नवऱ्यापुढे हार नको, मुख्याध्यापकांपुढे शरम नको, पालकांपुढे तोंड दाखवता यावं, एवढं सगळं त्या एका वाक्यात मावलं. तुम्ही पर्स आणि डबा स्टुलावर ठेवलात. दिनेशच बोलला. "अण्णा, बस झालं आता. टीचर मेली असती तर? चावी द्या." आणि तुम्ही खिशातून चावी काढून त्याच्या हातावर ठेवलीत. चाळीस वर्षांची चावी, एका वाक्यावर.

मी दीड महिना प्लास्टरमध्ये होते. वाडीतली माणसं काकड्या, अंडी, मामींनी पाठवलेल्या तांदळाच्या भाकऱ्या घेऊन भेटायला यायची आणि तुम्हाला नावं ठेवून जायची. "गनपतमामाला आता दिसत नाय. वयच झालं." मी मान हलवायची. बरी होऊन तुमच्या घरी आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "पोरं अभ्यास करतात का?" बस, तेवढंच. रोज उद्या सांगेन म्हणत दोन वर्षं गेली. खोटं एकदाच बोलावं लागतं, पण गप्प रोज बसावं लागतं.

मला गाठलं ते चौथीतल्या एका मुलीने. निबंधाला विषय दिला होता, 'मी पाहिलेला अपघात'. तिने लिहिलं होतं, 'म्हाताऱ्या माणसांनी गाडी चालवू नये. आमच्या बाईंना गणपत आजोबांनी पाडले. आजोबांना दिसत नव्हते.' अक्षर सुरेख, एक चूक नाही. लाल पेन माझ्या हातात. मी बरोबरची खूण करू शकले नाही आणि चूकही मारू शकले नाही. वही बंद केली आणि शाळा सुटल्यावर सरळ तुमच्या पडवीत आले.

तुम्ही वालाच्या शेंगा सोलत बसला होतात, बोटांनी चाचपून. मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं. तुम्ही शेंगा सोलायचं थांबवलं नाहीत.

"मला ठाव हाय की, बाई. फोन गवतात पडलेला, मीच उचलला. काच फुटलेली, पन आत गुलाबाचं फूल दिसत व्हतं."

तो आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवरचा 'शुभ सकाळ' होता, मामा. रोज येतो. गुलाब, त्यावर दवाचे थेंब.

"गुलाबासाठी मरत होताव?" तुम्ही म्हणालात, आणि हसलात. मी पडवीच्या पायरीवर बसून भोकाड पसरलं. चाळिशीची बाई मी.

मग तुम्ही मला तुमची गोष्ट सांगितलीत. त्या दिवसाच्या दोन महिने आधी महाडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुम्हाला काचबिंदू सांगितला होता. समोरचं दिसायचं, कडेचं जात चाललेलं. भिंतीच्या भोकातून बघितल्यासारखं, असं तुम्ही म्हणालात. गाडी बंद करा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं आणि तुम्ही दोन महिने तशीच चालवलीत.

"मानसं माझ्या गाडीत डोळं मिटून बसायची, बाई. त्यास्नी कुठल्या तोंडानं सांगू? रोज सकाळी बोलायचो, आज शेवटची फेरी. नि दुसऱ्या दिशी परत चावी हातात. दोन महिने पाप केलं मी. एखादं पोर आडवं आलं असतं तर? तुमी बोललाव नि चावी गेली. त्या दिशी मी घोरत झोपलो, इचारा मामीला."

मी म्हटलं, आता मी सगळ्यांना खरं सांगते. तुम्ही पहिल्यांदाच आवाज चढवलात. "नाय! मी हाय तवर नाय. दिनेश चावी आनून देईल, मानसं हात जोडतील, मामा चालवा बोलतील. मला नाय म्हनवनार नाय. मी मेल्यावर सांगा. मंग कोनी चावी घेऊन येनार नाय."

मी कबूल केलं. खरं सांगू, कबूल करताना बरंच वाटलं. तुमच्यापुढे मोकळी झाले आणि जगापुढे झाकलेली राहिले. त्यानंतर महिनाभराने तुम्ही गेलात.

तेराव्याला मी आले. पानं उठली, लांबची माणसं गेली, घरची आणि वाडीतली दहा-बारा माणसं अंगणात बसली होती. मी तोंडपाठ करून आले होते, पण तोंड उघडलं तेव्हा पाठ केलेलं एक वाक्य आठवलं नाही. म्हणाले, "त्या दिवशी मामांची काही चूक नव्हती. मी फोन बघत होते. जीप उभी होती."

 मी पुढचं सगळं सांगितलं, डोळ्यांचंही सांगितलं. दिनेश उठून उभा राहिला. "आत्ता सांगता, टीचर? आत्ता?" तो दोन पावलं पुढे आला. "दोन वर्षं मी अण्णांशी धड बोललो नाय. जेवायला बसलो तरी तोंड फिरवून बसायचो. आत्ता सांगून काय करू मी?" मी तुमचा शब्द त्याला सांगितला, पण तो शब्द आपल्यात झाला महिन्यापूर्वी. त्याआधीची दोन वर्षं माझ्याच गप्प बसण्याची होती. तेही सांगितलं. तो मागच्या दाराने निघून गेला. त्याचा राग अजून गेलेला नाही आणि तो इतक्यात जाऊ नये, असंच मला वाटतं.

मला खरं भय होतं ते मामींचं. त्या दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या. कपाळ मोकळं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. त्यांनी हळूच विचारलं, "गो बाय, गाडी उभी होती?"

"उभी होती, मामी."

"चालू नव्हती?"

"इंजिन बंद होतं. दगड लावलेला होता."

"दगड पन लावलेला होता?"

"हो."

त्या तोंडावर पदर घेऊन रडायला लागल्या, आणि मला वाटलं आता शिव्या देतील. पण त्या रडता रडता म्हणाल्या, "डोळ्यांत थेंब मीच घालत होते. मला ठाव होतं सगळं. पोराला सांगीन बोलायची नि ह्यांच्याकडं बघून गप ऱ्हायची. तू पडलीस तवा मला वाटलं, माझ्या गप ऱ्हान्यानं पडलीस. दोन वर्षं देवाफुडं नाक घासलं मी. तुला भाकऱ्या पाठवायची ना, त्या त्याच्यासाठी." मग त्यांनी डोळे पुसले आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "म्हंजे ह्यांच्या हातनं कुनालाच लागलं नाय. कवाच नाय."

"कधीच नाही, मामी."

मामा, इथं मात्र तुमचं चुकलं. आपलं भांडण इथून पुढे चालू ठेवायला मला आता कुणी नाही, म्हणून इथंच सांगते. तुम्ही माझी लाज झाकलीत, तुमची चावी सोडवून घेतलीत, आणि शेजारी झोपणाऱ्या बाईच्या मनात काय चाललंय ते तुम्हाला दिसलं नाही. डोळ्यांच्या कडा गेल्या म्हणून म्हणायचं, तर मला दोन्ही कडांनी दिसत असून मी तरी कुठं बघितलं? त्या भाकऱ्या मी चवीने खाल्ल्या. तुम्ही असतात तर यावर काहीतरी तिरकं बोलला असतात आणि मला राग आला असता. तो राग आता यायचा नाही, याचंच फार वाईट वाटतं.

निघायला उठले. स्कूटरला किल्ली लावत होते तेवढ्यात मामी घरातून बाहेर आल्या. हातात देवाजवळची कुंकवाची कोयरी. एक म्हातारी लगेच म्हणाली, "गो, तू कशाला? सुनेला लावू दे की." मामी थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "सुनेला कुठं लावायचं ते ठाव नाय. माझ्या बोटाला ठाव हाय." त्यांनी माझ्या स्कूटरवर वाकून काच पदराने पुसली, आकडे एक एक करून बघितले, आणि तीसवर बोट टेकवलं. मग ते बोट त्यांनी स्वतःच्या कपाळाकडे नेलं नाही, पदरालाच पुसलं. मला म्हणाल्या, "पुसट झालं का येऊन दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोलादपूरहून निघाले. काटा ठिपक्यापाशी येत होता, जात होता, पुढे गेला नाही. पांगाऱ्याच्या वळणाशी सीटखालच्या पर्समधून फोन ओरडला. मी स्कूटर झाडाखाली घेतली, इंजिन बंद केलं, फोन काढला. गुलाबच होता. फोन परत ठेवला आणि पाच मिनिटं पुरी होईपर्यंत दरीकडे बघत उभी राहिले. खरंच फार छान आहे, मामा. इतकी वर्षं मी घड्याळच बघत होते.

शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना संपत आली होती. चौथीच्या त्या मुलीची वही माझ्या पिशवीत होती. तिच्या निबंधाखाली काय लिहायचं ते वर्गात सगळ्यांसमोर सांगून मगच लिहायचं, असं ठरवून आले होते. मुख्याध्यापकांनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाई, आज उशीर?"

"हो सर," मी म्हणाले, "पांगाऱ्याच्या वळणावर गाडी उभी होती."